छातीत चढलेलं पोट

माझ्या वडिलांचं पोट छातीत चढून बसलंय हे डॉक्टरांना कळायच्या आधी दोन वर्षं आमच्या गावचं अख्खं चर्च ते दर रविवारी ऐकत होतं. आपण काय ऐकतोय हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

आमचं गाव मिरजगावच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत. चर्च पत्र्याचं, डावीकडे बायकांची बाकं, उजवीकडे पुरुषांची, मधून जायला वाट. उपासनेत एक वेळ अशी येते की पाळकसाहेब म्हणतात, आता आपण शांतपणे मनातल्या मनात प्रार्थना करू. सगळे माना खाली घालतात. रविवारी वीज नसते, त्यामुळे पंखेही शांत. आणि त्या शांततेत पुरुषांच्या तिसऱ्या बाकावरून, म्हणजे माझ्या वडिलांच्या छातीतून, आवाज यायचा. पोटात गुडगुडतं तसाच, पण चांगला वीतभर वरून. आधी बारीक कुरकुर, मग काहीतरी घरंगळल्यासारखं, आणि शेवटी रिकाम्या हंड्यात तांब्या उपडा केल्यासारखा मोठा डुबुक. पोरं फिसकन हसायची, आया चिमटे काढायच्या आणि पाळकसाहेब 'आमेन' म्हणायचे. होता होता अशी सवय लागली की शांत प्रार्थना कधी संपवायची हे अण्णांची छातीच ठरवायला लागली. पाळकसाहेबांनी हे कधी कबूल केलं नाही. पण मी गावी गेले की बघायचे ना, ते एक डोळा किलकिला करून तिसऱ्या बाकाकडे बघत असायचे.

अण्णा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर एसटी चालवली. नगर-सोलापूर, नगर-कर्जत, मुक्कामाच्या गाड्या. आवाज असा की हॉर्न बिघडला तरी गाडी थांबवायची गरज पडली नसती. चर्चमध्ये गायनाला ते उभे राहिले की पेटीवाल्याला पेटी ऐकू यायची नाही. आणि जेवण आवाजाला शोभेल असं. तीन भाकरी, वर भात, भातावर पुन्हा कालवण, आणि हात धुतल्यावर 'एखादा गुळाचा खडा हाय का बघ.' रिटायर झाल्यावर घरची थोडी शेती आणि चर्चची कामं बघत होते.

माझा स्वभाव तापट आहे असं नगरच्या सावेडीतली माझी शेजारीण, मी शिकवते त्या शाळेचे मुख्याध्यापक आणि माझा नवरा अशा तिघांचंही एकमत आहे. मी आईवर गेले आहे. आई मात्र कुणावरच गेलेली नाही, ती आपली आपणच तशी आहे. तिला जगात दोन गोष्टींचा अभिमान. एक म्हणजे तिच्या हातची भाकरी. दुसरी म्हणजे प्रभुभोजनाचा रस. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून. भाकरीचा किंवा ब्रेडचा नखाएवढा तुकडा आणि औषधाच्या झाकणाएवढ्या पेल्यात द्राक्षाचा रस. हा रस आमच्या चर्चमध्ये आई करते. काळ्या मनुका भिजवून, उकळून, कुस्करून. दुसऱ्या कुणी करतो म्हटलं तर आई म्हणते, "करा की. पन मंग तेला चव नसंल, त्याचं मला सांगू नका."

अशा बाईच्या ताटातलं अण्णांनी टाकायला सुरुवात केली.

दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. "बास."

"का, काय झालं?"

"भूक न्हाई."

एवढंच. उठून गोठ्याच्या मागं फेऱ्या मारायचे. आईनं आधी दोष ज्वारीला दिला. मग गिरणीवाल्याला दिला आणि त्याच्याशी भरगिऱ्हाइकात भांडून आली की दुसऱ्याचं बाजरीचं पीठ माझ्या ज्वारीत येतं. मग तवा बदलला. मसाला बदलला. काहीच फरक पडेना तेव्हा तिच्या डोक्यात आलं की माणूस बाहेर खाऊन येतो. ती एक दिवस पदर खोचून हायवेवरच्या हॉटेलात गेली आणि मालकाला उभं करून विचारलं, "आमचे हे हितं काय खात्यात? खरं सांग."

मालक बिचारा म्हणाला, "काकू, ते येत्यात आन अर्धा कप चहा घेत्यात. तो बी निम्मा ठिवत्यात."

आईचा विश्वास बसला नाही. तिनं निकाल लावून टाकला की आपल्या हाताची चव गेली आणि नवऱ्याला ती आता तोंडावर सांगवत नाही. तेव्हापासून घरात अबोला नव्हता, पण जवळपास तसंच. ताट आपटून ठेवायचं, "घ्या" म्हणायचं आणि आपण आत चुलीपाशी पाठ करून जेवायचं. इतकी वर्षं समोरासमोर बसून जेवलेली माणसं. मला फोन यायचे. आईचा फोन अण्णांबद्दल, अण्णांचा फोन पावसाबद्दल.

मी दर फोनला दोघांवर ओरडायचे. त्याचा उपयोग झाला नाही.

उपचार चालूच होते. गावातल्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, त्या अण्णा दाण्यांसारख्या खात होते. ओवा झाला, हिंग झाला, सोडा झाला. शेजारच्या काकू शिर्डीला गेल्या तेव्हा आठवणीनं उदीची पुडी घेऊन आल्या. आईनं ती मान देऊन फ्रीजवर, बायबलशेजारी ठेवली. "त्यांनी मायेनं आनली, टाकायची कशी?" वजन मात्र उतरत होतं. शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला. गायनाला उभे राहिले की दुसऱ्या कडव्याला दम लागून खाली बसायचे. पेटीवाल्याला पेटी ऐकू यायला लागली तेव्हा गावाला पहिल्यांदा काळजी वाटली.

मग एकदा अण्णा पेन्शनच्या कामासाठी नगरला आले. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, पण अण्णांच्या तोंडातून नगरच निघतं. माझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. जिना चढून आले, मी पोहे पुढं ठेवले, चार चमचे खाल्ले आणि चेहरा पांढराफटक. छाती धरून बसले, मग मोरीत जाऊन सगळं उलटून आले. मला वाटलं हार्ट. मी त्यांना स्कूटरवर मागं बसवलं आणि सिग्नल, खड्डे, माणसं काही न बघता दवाखान्यात नेलं. वाटेत अण्णा एवढंच म्हणाले, "पोरी, म्या येवढ्या वर्षात अशी गाडी मारली न्हाई."

हार्ट ठणठणीत निघालं. पण तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, भुवया वर केल्या, नळी काढून झटकली, परत लावली. म्हणाले, "छातीत पोटाचा आवाज येतोय."

मी म्हटलं, "तो आमच्याकडे दर रविवारी येतो."

एक्स-रे झाला, मोठा स्कॅन झाला, दुर्बीण घालून झाली. शेवटी आम्ही एका सर्जनसमोर बसलो. ते कागदावर चित्र काढून समजवायला लागले. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा पडदा असतो. त्या पडद्याला एक भोक असतं, त्यातून अन्ननलिका खाली पोटात जाते. अण्णांचं ते भोक सैल होत होत इतकं मोठं झालं होतं की जठर त्यातून वर सरकलं होतं. थोडंसं सरकलेलं पुष्कळांचं असतं, पण हे सगळंच्या सगळं वर जाऊन हृदयाच्या मागं, तेही उलटं होऊन बसलं होतं. असं क्वचितच बघायला मिळतं, असं सर्जन म्हणाले, आणि म्हणताना त्यांना झालेला आनंद काही लपला नाही.

अण्णांनी चित्र बराच वेळ न्याहाळलं. "म्हंजी गाडी डेपोत लावायची ती फलाटावर चढून बसली."

"अगदी बरोबर."

"आन आता रिव्हर्स घ्यायची."

"घ्यायची, आणि परत चढू नये म्हणून ते भोक शिवून टाकायचं. दुर्बिणीतून करू. पण काका, लवकर करायला हवं. हे असं लोंबत राहिलेलं पोट कधी पिळा खाईल सांगता येत नाही. पिळा बसला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. मग धावपळ करूनही हातात काही राहत नाही."

मी तिथंच लवकरातली लवकर तारीख मागून घेतली. अण्णांना मात्र एव्हाना शिकाऊ डॉक्टरांनी घेरलं होतं. एकेक जण छातीला नळी लावून ऐकत होता आणि अण्णा कंडक्टरसारखे त्यांना रांगेनं घेत होते. "या, तुमी या. हितं लावा, डाव्या अंगाला. आला का? आयका, आयका."

मी आईला फोन केला. म्हटलं, "आई, अण्णांना पित्त नाही. अण्णांचं पोट छातीत गेलंय."

पलीकडे आधी भांडं आपटलं. मग म्हणाली, "का? माझ्या सैपाकाला कंटाळून?"

मी समजवायला गेले तर म्हणाली, "मला शिकवू नको. गर्भपिशवी खाली सरकती हे आयकलंय. पोट वर चढल्यालं आजवर कुनाचं आयकलं न्हाई. डाक्टर लोकास्नी काय बी घावत न्हाई तवा असं सांगत्यात." आणि फोन ठेवला. संध्याकाळच्या गाडीनं सावेडीला हजर. लेकीच्या घरी राहायचं म्हणून आपली ज्वारी, आपला मसाला आणि मनुकांची पुडी घेऊन. मनुका कशाला, हे मी विचारलं नाही. आजारी माणसाला मनुका देतात, असं मला वाटलं.

ऑपरेशनच्या आदले दोन दिवस अण्णा नुसत्या पाण्यासारख्या पातळावर होते. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई वयानं माझ्या विद्यार्थिनीएवढ्या, पण नजर मुख्याध्यापकाची. त्यांनी आम्हाला तिघांना उभं करून सांगितलं होतं. "यांच्या पोटात गेलेलं लवकर खाली उतरत नाही. वरच साठून राहतं. भूल दिल्यावर ते उलटून श्वासनळीत गेलं तर माणूस टेबलावरून परत येत नाही. तोंडात काहीही जाता कामा नये. काहीही म्हणजे काहीही."

मी आईला दरडावून विचारलं, "कळलं का?"

"व्हय, व्हय. जेवन द्यायचं न्हाई. मी काय बहिरी हाय?"

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी दवाखान्याच्या खाली गेले, कारण कुणीतरी माझ्या स्कूटरच्या पुढ्यात गाडी लावली होती आणि मला त्याला चार शब्द सुनवायचे होते. सुनवून वर आले तर डॉक्टरबाई अण्णांच्या खोलीत उभ्या. अण्णा दवाखान्याच्या पाठमोकळ्या झग्यात पलंगावर. आई कोपऱ्यात स्टुलावर, डोक्यावरून पदर, चेहऱ्यावर समाधान.

"काही खाल्लं?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. त्यांनी जन्मात खोटं बोललेलं मला माहीत नाही.

"पाणी?"

"थेंब न्हाई."

डॉक्टरबाईंनी कागदावर खूण केली, पेन खिशाला लावलं आणि जाता जाता थबकल्या. जवळ येऊन अण्णांच्या पांढऱ्याशुभ्र मिशीकडे बघत राहिल्या. मिशीची खालची कड जांभळी होती.

"हे काय आहे?"

"ते व्हय?" अण्णा निरागसपणे म्हणाले. "प्रभुभोजन."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "ते काय जेवन न्हाई. ते प्रभुभोजन हाय."

मग कळलं ते असं. आईनं पाळकसाहेबांना गावाहून बोलावून घेतलं होतं. ते भल्या पहाटे मोटरसायकलवर निघाले, थंडीत कुडकुडत आले, मी खाली भांडत असताना दुसऱ्या जिन्यानं वर गेले, प्रार्थना केली, भाकरीचा तुकडा आणि रस दिला आणि खाली चहाच्या टपरीवर जाऊन बसले. मी धावत जाऊन त्यांना हातातल्या कपासकट वर आणलं.

डॉक्टरबाई त्यांची उलटतपासणी घ्यायला लागल्या. "तुकडा केवढा होता?"

पाळकसाहेबांनी अंगठ्याचं नख दाखवलं. अण्णांनी करंगळीचं दाखवलं. आई म्हणाली, "दोन्हीपरीस मोठा हुता. म्याच मोडला."

"कशाचा? ब्रेड?"

"न्हाई वो, ब्रेड कशाला? सकाळी ताजी भाकरी केली." तेव्हा माझ्या लक्षात आलं की पहाटे माझ्या गॅसवर झालेली ती भाकरी माझ्या डब्यासाठी नव्हती. उरलेली मी डब्यात घालून घेतली होती.

"आणि रस? नुसता गाळलेला, की चोथ्यासकट?"

"चोथ्यासकट कसा?" आईला राग आला. "चांगला गाळलाय. च्याच्या गाळनीनं."

डॉक्टरबाईंनी डोळे मिटले. "ऑपरेशन आज होणार नाही. आता परवा. परवापर्यंत पुन्हा फक्त पातळ."

मी आधीच तापलेली होते, आता उकळले. पाळकसाहेबांना म्हटलं, तुम्हाला शिकलेलं कशाला म्हणायचं. आईला म्हटलं, तुला तोंडावर सांगितलं होतं, काहीही म्हणजे काहीही, उद्या पोटाला पिळा बसला तर काय करणार आहेस तू? अण्णांना म्हटलं, तुम्हाला तरी कळायला नको का, तुम्हीच गिळलंत ना? बोलता बोलता माझा श्वास संपला आणि खोली एकदम शांत झाली.

त्या शांततेत अण्णांच्या छातीत कुरकुरलं, घरंगळलं, आणि डुबुक झालं.

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले. सवयीनं. मग त्यांनाच इतकं अवघडल्यासारखं झालं की कप खिडकीत ठेवून, आमच्या ख्रिस्ती रिवाजानं सगळ्यांना एकदम "सलाम, सलाम" करून ते निघून गेले.

दुपारी सर्जन स्वतः आले. रागावले नाहीत. त्यांनी स्टूल ओढून आईसमोर बसकण मारली आणि मोबाईलवर स्कॅनचं चित्र काढून तिच्या हातात दिलं. "मावशी, हे बघा. हे हृदय. हे त्याच्यामागं काळं दिसतंय ना, ते काकांचं पोट. हे खाली हवं. हे उलटं होऊन वर अडकलंय आणि याचं खालचं तोंड दबलंय. त्यामुळं दोन घास गेले की हे भरतं. तिसऱ्या घासाला जागाच नसते. वरून फुफ्फुस दाबतं, दम लागतो, छाती फुटेल असं वाटतं. म्हणून एक कणसुद्धा नको म्हणालो आम्ही."

आई ते चित्र बघत राहिली. मोबाईलचा पडदा काळा झाला तरी बघत होती. मग म्हणाली, "दोनच घास?"

"दोनच. कितीही आवडीचं असलं तरी."

"किती दिसांपासनं आसंल?"

"दोन वर्षं तरी. जास्तच."

सर्जन गेल्यावर आईनं पलंगाकडे तोंड केलं. "मंग बोलायचं हुतं."

अण्णा छताकडे बघत म्हणाले, "काय बोलनार? तू चुलीपुढं उबी राहून भाकरी थापायची, आन म्या म्हनू का घास उतरत न्हाई? तुला वाटलं असतं सैपाक बिगाडला."

"तेच वाटलं की!" आई इतक्या जोरात ओरडली की नर्स डोकावून गेली. "दोन वरीस तेच वाटलं! गिरनीवाल्याशी भांडले मी. तवा फेकला, चांगला तवा. हाटेलात जाऊन त्या मानसाला उबं केलं."

"हाटेलात?"

"व्हय."

"मला वाटलंच," अण्णा म्हणाले. "तवापास्नं तो मला च्या फुकट देतो."

मला हसू आलं आणि मी तोंड फिरवलं, कारण आई रडत होती. आईला मी आजीच्या मातीला रडताना बघितलं होतं, त्यानंतर आजच. पदरानं नाक पुसत ती माझ्याकडे वळली. "तू मघा येवढं बोललीस. बोल, तुजं खरं हाय. पन आत नेल्यावं काय हुईल कुनाला म्हाईत? उपाशी जाऊ द्यायचं का मानसाला? दोन वरसात माझ्या हातचं ह्यांनी समदं टाकलं. म्हैन्यातनं एकदा ते औषधाच्या झाकनायेवडं प्यालं तेवडंच कदी टाकलं न्हाई. म्हनून म्हनलं, तेवडं तरी जाऊ दे माझ्या हातचं."

मला सकाळपासूनचा माझा आवाज आठवला आणि लाज वाटली. मी डब्यातली भाकरी काढली आणि आईला दिली. तिनं अण्णांच्या देखत खायला नकार दिला. बाहेर पॅसेजमध्ये बसून आम्ही दोघींनी ती अर्धी अर्धी कोरडीच खाल्ली. भाकरी उत्तम होती. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "म्हाईत हाय मला."

परवाच्या दिवशी आई पलंगाशेजारी ठाण मांडून बसली. नर्सनं थर्मामीटर आणला तरी "तोंडात काय घालतीस?" म्हणून अडवलं. अण्णांना आत नेताना ती चाकांच्या पलंगाबरोबर दारापर्यंत चालत गेली. तिथं त्यांना कुशीवर वळायला लावलं. त्यांच्या झग्याच्या मागच्या नाड्या सुटल्या होत्या, त्या नीट बांधल्या.

ते थांबणं मला कुणाला सांगता येणार नाही. मला भीती वाटत होती, सरळ भीती. दर वेळी दार उघडलं की मी उभी राहायचे. आई हलत नव्हती. शेवटी सर्जन बाहेर आले, टोपी काढली आणि म्हणाले, "पोट खाली आलं. भोक शिवलं. आता पोटाचा वरचा काठ अन्ननलिकेभोवती गुंडाळलाय, परत चढायचं नाही."

"पिळा?" मी विचारलं.

"बसायला लागला होता. वेळेत आलात."

आईनं विचारलं, "आता किती घास जात्याल?"

शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी पहिलं पाणी दिलं. चमचाभर. आई समोर उभी. अण्णांनी गिळलं.

"उतरलं का?"

"उतरलं."

दुसरा चमचा. "उतरलं का?" अण्णांनी मान हलवली तर चालायचं नाही, तोंडानं सांगावं लागायचं. हे पुढं माझ्या घरी कितीतरी आठवडे चाललं. पाण्यानंतर पेज, पेजेनंतर मऊ भात, सगळं मिक्सरमधून. माझ्या मिक्सरनं इतकं काम जन्मात केलं नव्हतं. एक दिवस त्यातून जळका वास येऊन तो बसला तो बसलाच. प्रत्येक घास बारीक चावायचा, घाई करायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे अर्धी वाटी पेज संपायला माझे दहावीचे निम्मे पेपर तपासून व्हायचे, आणि सगळा वेळ स्वयंपाकघरातून एकच. "उतरलं का?" "उतरलं." आतून माझा नवराही त्याच्या भाताला तोंडातल्या तोंडात "उतरलं" म्हणायला लागला.

गावाकडून माणसं भेटायला यायची. कुणी लाडू, कुणी चिवडा, कुणी कोंबडी शिजवून. आई दारातच डबे काढून घ्यायची. पाळकसाहेब आले तेव्हा तिनं त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "पाळकसाहेब, राग मानू नका. पिशवी दाखवा." त्यांनी मुकाट्यानं पिशवी उघडली. बायबल, मफलर आणि डॉक्टरबाईंसाठी एक पेरूची पिशवी होती. झालेल्या त्रासाबद्दल.

जेवण हळूहळू वाढलं. एक दिवस अण्णांनी भाकरी मागितली. आईनं पापुद्रा काढून, दुधात कुस्करून दिली. त्यांनी सगळी खाल्ली, बोटं चाटली आणि म्हणाले, "एखादा गुळाचा खडा हाय का बघ." आई आत गेली ती लवकर बाहेर आली नाही.

मग ते गावी गेले. महिन्याचा पहिला रविवार होता, म्हणून मीही गेले. चर्च भरलेलं. अण्णा तिसऱ्या बाकावर, शर्ट अजून सैलच, पण गायनाला शेवटच्या कडव्यापर्यंत उभे. पेटीवाल्यानं आनंदानं हात टेकले.

भाकरीचे तुकडे वाटले गेले. अण्णांनी तुकडा तोंडात टाकला आणि डॉक्टरांनी सांगितलं तसा चावायला लागले. पाळकसाहेब म्हणाले, आता शांतपणे मनातल्या मनात प्रार्थना करू.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. वीज नव्हती. शांतता. कुरकुर नाही, घरंगळणं नाही, डुबुक नाही. पाळकसाहेबांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. ते थांबले. सगळे थांबले. इतक्या दिवसांची सवय, आता प्रार्थना संपवायची कशी हे कुणालाच कळेना. कुठंतरी म्हैस हंबरली. कुणीतरी खोकलं. मी डोळे उघडून बघितलं तर शेजारी आई बसलेली, तिची मान खाली नव्हती. तिचा तुकडा तसाच हातात. ती मधली वाट ओलांडून पलीकडे अण्णांच्या गळ्याकडे बघत होती.

तिनं हळूच विचारलं. पण तिचं हळूच पत्र्याच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकापर्यंत जातं.

"अवो. उतरलं का?"

"उतरलं," अण्णा म्हणाले.

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले.

मग आईनं आपल्या हातातला तुकडा तोंडात टाकला.